बेंबीपासून गुडघ्यापर्यंत

नागोबाच्या जत्रेला एकदा जायचंच, हे गेली पाच-सहा वर्षं मनात होतं. आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर नावाचं गाव आहे. तिथे पौष अमावास्येला गोंडांची ही मोठी जत्रा भरते. यंदा योग आला. फोंड्याहून निघालो, मडगावला गाडी धरली, दोन ठिकाणी गाड्या बदलल्या आणि नांदेडहून किनवटमार्गे एकदाचा आदिलाबादला पोचलो. आमच्याकडे आदिलाबाद म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. फार तर "आंध्रात ना ते?" असं विचारतात. आंध्रात होतं, २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली जुना अवाढव्य जिल्हा मोडून त्याचे चार जिल्हे झाले. आणि १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट, राजुरा हे तालुके याच जिल्ह्यातून काढून मराठी मुलखाला जोडले होते. रेषेच्या अलीकडे राहिलेली मराठी माणसं तिथेच राहिली. म्हणून आदिलाबादच्या बाजारात आजही मराठी बोलून सगळा व्यवहार होतो. वऱ्हाडी वळणाची, गोड मराठी.

जत्रेबद्दल पुढे कधीतरी सविस्तर लिहीन. आज लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल, आणि तिला कारण झाला आमचा पुतण्या.

हा पुतण्या अमेरिकेत सिएटलला असतो. गेल्या वर्षी त्याने आपला एक फोटो पाठवला होता. अंगात साधा शर्ट, पायांत जाड बूट आणि कमरेला खाकी रंगाचा, गुडघ्यापर्यंतचा, दोन्ही बाजूंना मोठमोठे खिसे असलेला घागरा! माझी वहिनी, म्हणजे त्याची आई, दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग कळलं की तो किल्ट. स्कॉटलंडचे लोक लग्नाकार्यात, बँडमध्ये लोकरीचा चौकटीचा घालतात, त्याचाच हा रोजच्या वापराचा सुती भाऊ. त्या सिएटल शहरातच २००० साली एका कंपनीने असे खिसेवाले, जाड कापडाचे किल्ट करून विकायला सुरुवात केली होती. सुतार, गवंडी, कॉम्प्युटरवाले, सगळे घालतात म्हणे. "काका, एकदा घालून बघा, पँट परत घालणार नाही," असं तो मला फोनवर सांगत असे. मी हसून सोडून देत असे.

आदिलाबादच्या लॉजवर सकाळी चहा घेत होतो तर त्याचा निरोप आला. काकांना साठी उलटल्याची भेट म्हणून किल्ट पाठवायचा आहे, सवलत संपायला दोनच दिवस उरलेत, माप पाठवा. बरोबर सूचनांचा एक लांबलचक कागद. पँटचा नंबर कळवू नका, तो खोटा असतो. टेप बेंबीवर धरा, पट्टा बांधता तिथे नव्हे. दुसरं माप नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर. तिसरं बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे तिसरं माप स्वतः घेऊ नका, कारण टेप बघायला वाकलात की दोन इंचांचा फरक पडतो. दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा आणि तेव्हा समोर भिंतीकडे बघा. कुणीच नसेल तर गुडघे टेकून ताठ उभे राहा, किल्टची कड जमिनीला जेमतेम टेकायला हवी, खाली लोळता कामा नये.

परक्या गावात, लॉजवर, मी टेप आणणार कुठून? शिवाय घरून निघताना पंचा विसरलो होतो आणि ओलं अंग हातरुमालाने पुसून दिवस काढत होतो. आदिलाबादची थंडी काय असते हे गोव्याच्या माणसाने अनुभवल्याशिवाय कळणार नाही! तेव्हा पंचा घ्यावा आणि तिथेच कुणाकडून तरी माप घ्यावं, असा दुहेरी बेत करून बाजारात गेलो.

कापडाचं जुनं दुकान होतं. गादी, पांढरी चादर, मागे फळ्यांवर ताग्यांच्या राशी. मी म्हटलं, "पंचा दाखवा." शेठजींनी चांगलं चार मीटर लांब, जरीकाठी, पांढरंशुभ्र धोतर पुढे टाकलं. म्हटलं, हे धोतर झालं, मला पंचा हवा. त्यांनी दुसरं टाकलं. तेही धोतरच. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते हसले. "मराठी पंचा पायजे का? तसं सांगा ना मंग! तुमचा पंचा अंग पुसाले, आमचा पंचा नेसाले." तेलुगूत धोतराला पंचा म्हणतात हे मला ठाऊकच नव्हतं. एकच शब्द, पण पेनगंगेच्या या बाजूला आला की चांगला दुप्पट लांब होतो.

अंग पुसायचा मिळाला. पण बसलोच होतो आणि शेठजीही मोकळे होते, म्हणून मी विचारलं, धोतर घ्यायचं तर माणसाला कुठलं बसेल हे तुम्ही कसं ठरवता? त्यावर ते म्हणाले, "याले माप नसते साहेब." आणि मग पुढचा अर्धा तास मापाबद्दलच बोलत राहिले.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत देतो, कारण पुढल्या पिढीत हे सांगणारं कुणी उरेल असं वाटत नाही. धोतराची लांबी माणसाच्या घेराप्रमाणे घ्यायची आणि पन्हा उंचीप्रमाणे. लांबी हातांत मोजतात. एक हात म्हणजे अर्धा वार, अठरा इंच. सडपातळ माणसाला नऊ हात पुरे. म्हणजे चार मीटर आणि वर थोडं. पोट सुटलेल्याला, किंवा ज्याला निऱ्या भरघोस हव्यात त्याला दहा हात. नऊ हातांत जाड माणूस धोतर नेसला की निऱ्या तीन-चारच पडतात आणि कासोटा मागे नीट खोवला जात नाही, तो चालताना सुटतो. पन्हा बघायचा तो बेंबीपासून घोट्यापर्यंत मोजून. उंच माणसाने अरुंद पन्ह्याचं धोतर घेतलं तर ते पोटऱ्यांवर येतं आणि मग तो कमरेखाली ओढत बसतो. हे लांबीने भरून निघत नाही, दहा काय बारा हात घ्या. गिऱ्हाइकं लांबी विचारतात, पन्हा कुणीच विचारत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

सुताचं असं, की नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. ऐंशी नंबरी रोजच्याला टिकतं, शंभर नंबरी दिसायला सुरेख पण उजेडाला धरलं तर पलीकडचा माणूस ओळखू येतो! खळ किती आहे ते कोपरा चोळून बघायचं. खळ निघून गेल्यावर हातात काय उरणार त्याचा अंदाज घ्यायचा. सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं, म्हणून पन्हा चार बोटं जास्तच बघावा. पूर्वी धोतरं जोडीने येत. मागावर सलग विणलेली जोडी मधून फाडली की दोन पानं. आता सुटं पान मिळतं, तेही बंद पिशवीत, त्यामुळे उलगडून बघायची सोयच राहिली नाही.

लुंगीचा हिशेब आणखी सोपा. नितंबांचा घेर दुप्पट करायचा. लुंगीला दोन पूर्ण वेढे बसले पाहिजेत, वर वीतभर कापड उरलं पाहिजे, तर ती चालताना उघडत नाही. बाजारात दोन मीटरच्या आणि सव्वादोन मीटरच्या अशा दोन्ही मिळतात. अडतीस इंची माणसाला दोन मीटर जेमतेम पुरते, त्यापुढच्याने सव्वादोनचीच घ्यावी. आमच्याकडे लुंगी सुटण्याचे जे विनोद सांगतात, त्यांतले निम्मे चुकीचं माप घेतल्यामुळे घडलेले असावेत.

दुकानाच्या ओसरीवर एक म्हातारे शिंपी मशीन घेऊन बसले होते. शेठजींनी त्यांना हाक मारली. मी मापं सांगितली तसे ते थबकले. "कमर कौनसी साब? पतलूनवाली या नाफवाली?" नाफ म्हणजे बेंबी. म्हणजे सिएटलच्या कागदात जे चार ओळींत समजावलं होतं, ते या माणसाला आधीच ठाऊक होतं! पँट आली तशी कंबर खाली घसरली, असं ते म्हणाले. त्यांच्या तरुणपणी पायजमा, पतलून सगळं नाफवरच बांधत. टेप धरला. पँटचा नंबर माझा छत्तीस. बेंबीवर भरले चाळीस. चार इंच मी इतकी वर्षं कुठे लपवत होतो कोण जाणे. नितंब एक्केचाळीस. बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत साडेतेवीस. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो आणि ओसरीवरची चार माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली.

"काय शिवणार?" शेठजींनी विचारलं. मी मोबाइलवर पुतण्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, मागच्या बाजूच्या चुण्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्या तं निऱ्याच शिवून टाकल्या."

त्या एका वाक्यावर मी लॉजवर परत येऊन बराच वेळ विचार करत होतो. कारण ते अक्षरशः खरं आहे. किल्ट आधी शिवलेला नव्हताच. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातले लोक एक लांबच लांब लोकरी कापड जमिनीवर पसरून, त्याला हाताने चुण्या घालून, त्यावर आडवे पडून पट्टा बांधत आणि उरलेलं खांद्यावर टाकत. थंडी पडली की तेच अंगावर घ्यायचं, रात्री तेच पांघरायचं. नंतर कुणीतरी वरचा भाग कापून टाकला. हे काम अठराव्या शतकात रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने केलं असं सांगतात आणि स्कॉटिश लोकांना ते ऐकायला आवडत नाही. त्याच शतकाच्या अखेरीस शिंप्यांनी निऱ्या कायमच्या शिवल्या. चांगल्या लोकरी किल्टला आजही आठ वार कापड लागतं. आपल्या हिशेबाने सोळा हात. आमच्या आजीच्या नऊवारीहून फक्त दोन हात कमी! आणि हे आठ वार बऱ्याचदा दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड मधून फाडून, जोडून करतात. धोतरजोडीची आठवण येते की नाही? खिसेवाल्या सुती किल्टला त्याच्या निम्म्याने भागतं. पुढे सपाट पडदा, मागे निऱ्या, बाजूला बंद किंवा बटणं, त्यामुळे इंच-दोन इंच कमीजास्त करता येतं. बसताना बायका साडी सावरतात तशा निऱ्या मागून खाली सारून बसायचं, नाहीतर चुरगळतात. कुणी हा किल्ट बेंबीवर न घालता जरा खाली कमरेवर घालणार असेल तर त्याने लांबीही तिथूनच मोजावी, नाहीतर तो गुडघ्याखाली लोंबतो. जाड माणसाने शंका असेल तर कंबर मोठी घ्यावी, लांबी मात्र कधी वाढवू नये. हे सगळं त्या कागदावर होतं, आणि मला त्यात नवं काहीच वाटलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी स्कॉट हरले आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने त्यांच्या पोशाखावर बंदी घालणारा कायदा केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. फौजेतल्या पलटणींना तेवढी सूट. १७८२ साली तो कायदा रद्द झाला. याच्या दहाच वर्षं आधी आमच्या गोव्यात काय झालं होतं? १७३६ च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून बाटलेल्या ख्रिश्चन पुरुषांना पुडवें नेसायला आणि बायकांना चोळी घालायला मनाई केली. अनंत काकबा प्रियोळकरांनी १९६१ साली आपल्या इंग्रजी पुस्तकात या जाहीरनाम्याची हकीकत दिली आहे. पुडवें म्हणजे आमचं धोतर. किल्टवर बंदी, पुडव्यावर बंदी, मध्ये फक्त दहा वर्षं!

पण पुढे काय झालं बघा. कायदा उठल्यावर चाळीस वर्षांनी, १८२२ साली, खुद्द इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज एडिंबराला किल्ट घालून मिरवला. त्यानंतर दोनशे वर्षं स्कॉट लोकांनी त्या वस्त्राला हवं तसं बदलू दिलं. शिवलं, कापलं, लोकरीऐवजी सुती केलं, खिसे लावले, बटणं लावली. जुन्या वळणाचे लोक नाकं मुरडतात, पण ते वस्त्र जिवंत आहे, रस्त्यावर आहे. आणि आपण? आपण धोतराला देवघरात कोंडलं आणि लुंगीला शिवी केली.

शिवी हा शब्द मी उगीच वापरत नाही. १९६० च्या दशकात मुंबईत 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा गाजली. लुंगी म्हणजे दाक्षिणात्य माणूस, म्हणजे परका, म्हणजे हाकलायचा. गंमत अशी, की हे ओरडणाऱ्यांतले कितीतरी जण चाळीत घरी येऊन पट्ट्यापट्ट्यांच्या लुंगीवरच बसत असतील. आदिलाबादच्या त्या दुकानात एकाच गादीवर मराठी शेतकरी धोतराचं पान बघत होता आणि शेजारी तेलुगू मास्तर लुंगी निवडत होता. दोघं एकमेकांच्या कापडाला हात लावून बघत होते आणि भावावरून दोघंही शेठजींना टोमणे मारत होते. त्या दोघांना ती घोषणा सांगायचं मला धैर्य झालं नाही.

मी हे सगळं इतक्या तावातावाने का लिहितोय, तेही सांगून टाकतो.

आमचे बाबा शाळामास्तर. गोवा मुक्त झाला तेव्हाही धोतर नेसत, नंतरही नेसत. स्वच्छ, नीळ दिलेलं, दहा हातांचं. १९८१ साली, मी कॉलेजात असताना, त्यांच्या एका विद्यार्थ्याचा सत्कार होता. कुठे, ते सांगत नाही. एका क्लबाच्या सभागृहात होता एवढं पुरे. बाबा काळा कोट, टोपी, धोतर अशा थाटात गेले. मी बरोबर. दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की धोतर चालत नाही, नियम आहे. बाबा म्हणाले, मी परत जातो. पण आतून तो विद्यार्थी धावत आला, कुणाची तरी पँट पैदा केली आणि बाबांनी ती तिथल्या मोरीत जाऊन घातली. कंबर मोठी, पाय लांब, खाली दोन घड्या घातलेल्या. त्या पँटमध्ये ते अडीच तास पहिल्या रांगेत बसले. धोतराची घडी मांडीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून.

लाज मला त्या दिवशीही वाटली होती. पण क्लबाची नव्हे. बाबांची. हे कबूल करायला मला चाळीसहून अधिक वर्षं लागली. घरी परतताना मी बसमध्ये त्यांच्यापासून दोन बाकं मागे बसलो होतो. पुढच्याच आठवड्यात त्यांनी दोन पँटी शिवून घेतल्या आणि धोतर फक्त पूजेपुरतं उरलं. पँट घालून ते खुर्चीवर कधी नीट टेकून बसले नाहीत.

तमिळनाडूत २०१४ साली असाच प्रकार झाला. एका क्लबाने वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आत सोडलं नाही. गदारोळ झाला आणि त्याच वर्षी विधानसभेने कायदाच केला, की सार्वजनिक जागी वेष्टी नेसलेल्या माणसाला अडवलं तर त्या संस्थेचा परवाना रद्द होऊ शकतो. तो कायदा तमिळनाडूपुरता आहे. न्यायाधीश अडवला गेला म्हणून झाला, मास्तर अडवला गेला असता तर झाला नसता, हेही आहेच. पण झाला. आमच्याकडे मास्तरांनी पँट शिवून घेतली.

इथे कुणी मला अडवेल. म्हणेल, धोतराचे एवढे गोडवे गाऊ नका, ते कुणाला नेसू दिलं जात होतं आणि कुणाला नाही तेही सांगा. बरोबर आहे, सांगतो. आमच्या गोव्यात भाटकाराचं पुडवें घोट्यापर्यंत पोचत असे, आणि त्याच्या कुळागरात राबणारा कुणबी कासटीवर असे, म्हणजे जवळजवळ उघडा. कापड किती आणि कुठपर्यंत, यावर माणूस ओळखला जाई. ज्यांच्या आज्याला गुडघ्याखाली धोतर सोडायची छाती नव्हती, त्यांच्या नातवाला पँटीत सुटका वाटली तर तिच्यात खोटं काय? बाबासाहेब आंबेडकर कोट-टाय घालत, ते उगीच नव्हे. १९२७ साली महाडला त्यांनी बायकांना लुगडं नीट, चांगल्या घरच्या बायकांसारखं नेसायला सांगितलं. पोशाख कुणाच्या हातात आहे, हे त्यांच्याइतकं कुणी ओळखलं नसेल. म्हणून मी कुणालाही "पँट सोडा, धोतर नेसा" म्हणणार नाही. तो अधिकार मला नाही, भाटकाराच्या बाजूच्या घरात जन्मलेल्याला तर मुळीच नाही.

केस्लापुरात हे आणखी स्पष्ट दिसलं. मेश्राम कुळातले लोक दूर गोदावरीपर्यंत अनवाणी चालत जातात आणि तिथून नागोबाच्या पूजेचं पाणी आणतात. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी पागोटी. रांग येताना दिसली की आपोआप बाजूला व्हावंसं वाटतं. त्यांच्याच घरची कॉलेजातली पोरं जीन्स घालून बाजूला गर्दी आवरत होती, मोबाइलवर चित्रण करत होती. त्यातलाच एक जण थोड्या वेळाने झाडामागे जाऊन धोतर नेसून आला आणि रांगेत शिरला. दोन मिनिटांत नेसला असेल. कुणी त्याला शाबासकी दिली नाही की टोकलं नाही. दिवाळीच्या दिवसांत हेच लोक दंडारी करतात आणि मोरपिसांचा भला मोठा टोप घालून, घुंगरं बांधून गुस्साडी नाचतात. मार्लवाईचे कनकराजू, ज्यांना २०२१ साली या नाचासाठी पद्मश्री मिळाली आणि जे २०२४ साली वारले, त्यांचे फोटो पुतण्याला पाठवले. त्याने लगेच विचारलं, कमरेला काय आहे? मी म्हटलं, कापड आहे बाबा, कापडच.

माझं म्हणणं एवढंच, की जे नेसू इच्छितात त्यांची वाट सोपी करावी. तिरुपूरच्या रामराज कॉटनसारख्या कंपन्या आता वेलक्रो लावलेली आणि खिसा असलेली धोतरं करतात. आमच्याकडचे सोवळेवाले त्यावर हसतात. "चिकटपट्टीचं धोतर!" हसा. पण लग्नात नवरदेवाला इलॅस्टिक घातलेलं, निऱ्या शिवलेलं, सॅटिनचं धोतर घालतात ते तुम्हाला चालतं. मग तेच सुती कापडात, साध्या पांढऱ्या किंवा तपकिरी रंगात, मोबाइल मावेल असा खिसा लावून, बाजारहाटाला का चालू नये? निऱ्या शिवल्याने वस्त्र बाटत असतं तर किल्ट केव्हाच बाटला असता. कुणबी साडीचं बघा. वेंडेल रॉड्रिक्सने ती नव्याने उचलली, रंग बदलले, पोत बदलला, आणि आज ती पणजीत बायका हौसेने नेसतात. पुरुषांच्या वस्त्रासाठी असं कुणी काही केलेलं मला दिसत नाही. पुरुषांचा दोष पुरुषांकडेच जातो. आपल्याला हसण्याची भीती जास्त.

आणि गोव्याच्या हवेत पँट हा किती गैरसोयीचा प्रकार आहे, हे जून महिन्यात फोंडा ते पणजी बसने उभं राहून गेलेल्या कुणालाही विचारा.

पुतण्याला मी मापं कळवली. चाळीस, एक्केचाळीस, साडेतेवीस. रंग कुठला, असं त्याने विचारलं. चिखल दिसणार नाही असा कुठलाही, म्हटलं, पावसाळ्यात घालायचा आहे. त्याच्यासाठी मी आदिलाबादच्या त्याच दुकानातून सव्वादोन मीटरची लुंगी घेतली आणि शिंपीबुवांकडून तिला आतून खिसा शिवून घेतला. त्यांनी खिशाचे पैसे घेतले नाहीत.

शेठजींकडून स्वतःसाठी एक पान घेतलं. ऐंशी नंबरी, दहा हात, पन्हा बावन्न इंच. परत आलो तर टपालात एक पत्रिका पडली होती. बाबांना ज्या सभागृहात पँट घालावी लागली होती, तिथेच पुढच्या महिन्यात माझं व्याख्यान ठेवलंय. खाली बारीक अक्षरात 'औपचारिक पोशाख' असं छापलंय. मी होकार कळवला आहे. रोज संध्याकाळी माडीवर दार लावून नेसायचा सराव चालू आहे. निऱ्या बऱ्या पडतात, कासोटा मात्र अजून जिना उतरताना सैल होतो, तेव्हा आतून एक पट्टा बांधणार आहे.